संकटाआधीची बेगमी

कोकणातल्या कुठल्याही घरात मे महिना म्हणजे बेगमीचा महिना. अंगणात सुकट, बोंबील, सोडे वाळत पडलेले असतात, आमसुले बरणीत भरली जातात, जळण पडवीत रचले जाते, घराची शाकारणी होते. घर मुसलमानाचे असो, कोळ्याचे असो की कुणब्याचे, यात फरक नसतो. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला म्हणून ‘शाकारणी फुकट गेली’ असे म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. जे येणार हे ठाऊक आहे, त्याची तयारी ते येण्याआधी करायची, एवढे शहाणपण आपल्या नानी-दादींनी शाळेची पायरी न चढताही कमावले होते.

स्वतःच्या घरासाठी आपण अशी बेगमी करतो. पण मोहल्ल्यातल्या विधवेसाठी, खाडीकाठच्या झोपडीसाठी, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यासाठी ती कोणी करते का? वादळ आले, पूर आला की आपली माणसे धावून जातात, यात शंका नाही. पण धावतात ती वादळ येऊन गेल्यावर. आजच्या काळात वादळ दोन-तीन दिवस आधी कळते. तरी आपली मदत मात्र अजून पाणी ओसरल्यावरच घराबाहेर पडते. या गोष्टीचा आपण सर्वांनी मिळून विचार करावा, म्हणून हे लिहिते आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला येऊन धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौले आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. हवामान खात्याने अंदाज आधीच दिला होता. किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना पक्क्या इमारतींत हलवले गेले. म्हणून एवढे मोठे वादळ येऊनही माणसे फार थोडी दगावली. अल्लाहचे आभार मानावे तेवढे थोडे आहेत. पण जीव वाचणे आणि संसार वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या वर्षी आम्ही डोळ्यांनी पाहिले.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई बेवा आहे. लोकांच्या वाड्यांत सुपारी सोलून ती घर चालवायची. दारात चार शेळ्या होत्या, बकरी ईदला विकायच्या म्हणून वर्षभर जपलेल्या. टाळेबंदीमुळे दोन महिने हाताला काम नव्हते. वादळाच्या आदल्या दिवशी मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा झाला, की कच्च्या घरात राहणाऱ्यांनी शाळेत यावे. ती मुलांना घेऊन आली. शेळ्या गोठ्यातच राहिल्या. वरच्या आळीत न्यायच्या तर टेम्पो हवा होता आणि टेम्पोवाल्याला द्यायला तिच्याकडे पैसे नव्हते. पत्रे बांधायला तार नव्हती, तांदळाच्या पिंपावर टाकायला ताडपत्री नव्हती. टेम्पो, तार, ताडपत्री आणि चार दिवसांचे वाणसामान असा सगळा हिशेब केला तरी तीन-साडेतीन हजारांच्या वर जात नव्हता.

वादळ गेल्यावर तिने घर पाहिले. पत्रे उडाले होते, तांदूळ भिजला होता, गोठ्याची भिंत पडून दोन शेळ्या मेल्या होत्या. उरलेल्या दोन तिने त्याच आठवड्यात मिळेल त्या भावाला विकल्या. ईदला अजून दोन महिने होते. तेवढे थांबता आले असते, तर चांगले पैसे आले असते, पण मुलांना तोवर खायला काय घालणार? मग कानातले गहाण पडले. पुढच्या काही आठवड्यांत मदत आली, भरपूर आली. पीठ आले, चादरी आल्या, मेणबत्त्या आल्या, जुन्या कपड्यांची गाठोडी आली. देणाऱ्यांचे मन मोठे होते. ती सर्वांना दुआ देत होती. एकदा माझ्याशी बोलताना मात्र सहज म्हणून गेली, “टीचर, यातलं थोडंसं दोन दिवस आधी मिळालं असतं ना, तर बाकीचं मला लागलंच नसतं.”

तिच्या या एका वाक्यात जे आहे, ते समजायला जगातल्या मोठमोठ्या मदतसंस्थांनाही बरीच वर्षे लागली. ते ज्या देशाने फार मोठी किंमत मोजून शिकून घेतले, तो आपल्या शेजारचा बांगलादेश.

१९७० साली तो भाग पूर्व पाकिस्तान होता. १२ नोव्हेंबरच्या रात्री भोला बेट आणि आसपासच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले. रमजानचा महिना चालू होता. समुद्राची लाट झोपलेल्या वस्त्यांवरून गेली. तीन ते पाच लाख माणसे मेली असा अंदाज केला जातो. ज्ञात इतिहासात कुठल्याही चक्रीवादळाने इतके बळी घेतलेले नाहीत. वादळ येत आहे हे हवामानाच्या जाणकारांना कळले होते. पण ते बेटांवरच्या कोळ्या-शेतकऱ्यांपर्यंत नीट पोचले नाही, आणि ज्यांना कळले त्यांना जायला उंच, पक्की जागा नव्हती.

देश स्वतंत्र झाल्यावर १९७२ मध्ये रेडक्रॉसच्या मदतीने तिथे चक्रीवादळ-पूर्वतयारीचे काम सुरू झाले. पुढे सरकार आणि रेड क्रेसेंट यांनी ते मिळून चालवले. काम अगदी साधे होते. गावोगावचे स्वयंसेवक निवडायचे, त्यांच्या हाती भोंगा आणि झेंडे द्यायचे. धोका वाढत जाईल तसा एक झेंडा, मग दोन, मग तीन. वाचता न येणाऱ्यालाही तीन झेंडे दिसले की निघायचे कळते. हळूहळू किनाऱ्यावर उंच खांबांवरच्या निवारा-इमारती उभ्या राहिल्या. जनावरांसाठी मातीचे उंच ओटे बांधले गेले. तिथे त्यांना ‘किल्ला’ म्हणतात. ज्या माणसाची सगळी कमाई म्हणजे एक गाय, तो गाईला सोडून निघत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

तरीही १९९१ च्या एप्रिलमध्ये आलेल्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक गेले. त्यात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त होत्या. याची कारणे आपल्या घराघरांनी नीट ऐकावीत अशी आहेत. अनेक बायका घरातल्या पुरुषाची वाट पाहत थांबल्या. निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत कसे बसायचे, म्हणून कित्येकजणी निघाल्याच नाहीत. तिथे बायकांसाठी वेगळी खोली नव्हती, न्हाणीघर-संडासाची सोय नव्हती. कडेवर एक मूल, हाताला एक मूल, अंगावर भिजलेली साडी, अशा स्थितीत पाण्यातून पळता येत नाही. बेपर्दा होण्याच्या भीतीने घरात थांबलेली बाई बुडून मेली, तर तो दोष तिचा नाही. तिच्यासाठी पडद्याची आणि इज्जतीची सोय आधी न करणाऱ्यांचा तो दोष आहे.

बांगलादेशाने हेही सुधारले. निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या जागा केल्या. घरोघरी जाऊन बायकांशी बोलायला बायकाच नेमल्या. आज तिथल्या ७० हजारांहून अधिक स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. २००७ च्या सिद्र वादळात साडेतीन हजारांच्या आसपास मृत्यू झाले. तोही आकडा मोठाच, पण १९७० च्या पुढे ठेवून पाहा. मे २०२० मध्ये, म्हणजे आमच्या निसर्गच्या पंधरा दिवस आधी, अम्फान आले. तेव्हा कोरोनाच्या काळातही तिथे २० लाखांहून अधिक लोकांना हलवले गेले आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. आपल्याकडे ओडिशानेही असेच करून दाखवले. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार लोक गेले होते. २०१३ च्या फायलिनच्या वेळी सरकारने सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले, आणि बळी फार थोडे गेले.

जीव वाचवण्याची रीत अशी सापडली. पण शेळ्या, तांदूळ, कानातले यांचे काय? या प्रश्नाचे उत्तरही बांगलादेशातच शोधले गेले, त्याच २०२० सालच्या जुलैमध्ये. आसामातून वाहत आलेल्या ब्रह्मपुत्रेला तिथे जमुना म्हणतात. तिच्या पात्रात वाळूची बेटे आहेत, त्यांना ‘चर’ म्हणतात. सर्वांत गरीब लोक त्या चरांवर राहतात. दरवर्षी पाणी चढते, पण जुलैच्या सुरुवातीलाच नदीच्या अंदाजांवरून कळले की या वेळचा पूर मोठा असणार आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने आधीच ठरवून ठेवल्याप्रमाणे पूर शिगेला पोचण्यापूर्वी सुमारे ५२ लाख डॉलर मोकळे केले. जागतिक अन्न कार्यक्रमाने २३ हजारांहून अधिक कुटुंबांच्या मोबाइल खात्यांत प्रत्येकी ४,५०० टाका जमा केले. आपल्या पैशांत ते साधारण चार हजार रुपये होतात. दुसऱ्या संस्थेने जनावरांचे खाद्य आणि पाणी न शिरणारी पिंपे दिली. तिसरीने बायकांसाठी स्वच्छतेच्या वस्तू दिल्या.

नंतर अभ्यासकांनी पैसे मिळालेल्या कुटुंबांची तुलना त्याच भागातल्या, पैसे न मिळालेल्या कुटुंबांशी केली. पैसे मिळालेल्या घरांत पुराच्या दिवसांत पूर्ण दिवस उपाशी राहण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी कमी होती. त्यांचे सामानसुमान आणि जनावरे कमी गेली, त्यांना महागडे कर्ज कमी काढावे लागले, आणि तीन महिन्यांनंतरही त्यांच्या घरी मुले-माणसे बरे खात होती. चार हजार रुपयांनी एवढे साधले. हेच चार हजार दोन महिन्यांनी दिले असते, तर ते सावकाराच्या व्याजात गेले असते.

ही बातमी मी वाचली तेव्हा मला आमच्या शाळेत चटईवर बसलेली ती माउली आठवली. तिचाही हिशेब तेवढाच होता.

या सगळ्याच्या मुळाशी तीन गोष्टी आहेत, आणि तिन्ही शांत दिवसांत ठरवायच्या असतात. पहिली, कोणता इशारा आला की हालचाल करायची. दुसरी, हालचाल म्हणजे नेमके काय करायचे आणि कोणासाठी. तिसरी, पैसे कुठून यायचे. वादळ दोन दिवसांवर आले असताना बैठक बोलावली, की बैठकीतच एक दिवस जातो. याद्या करायला बसलो, की ज्याचा आवाज मोठा त्याचे नाव आधी लागते. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, असे आपण पोरांना निबंधात लिहायला लावतो. ते मोठ्यांनीही करायचे असते.

यावर एक शंका नेहमी येते. अंदाज चुकला तर? वादळ दुसरीकडे वळले, पूर आलाच नाही, तर पैसे वाया गेले ना? सरकारी तिजोरीला हा प्रश्न अवघड वाटत असेल, पण खैरात करणाऱ्याला तो पडायला नको. गरीब विधवेच्या हाती चार हजार रुपये गेले आणि वादळ आले नाही, तर तिच्या घरी चार दिवस चूल नीट पेटली. तो सदका सदकाच राहिला. वादळ टळले याचा शुक्र करायचा की पैसे गेले याचा अफसोस?

दुसरी शंका श्रद्धेच्या नावाने येते. जे नशिबात आहे ते होणारच, आपण कोण आधी ठरवणार, असे कोणी म्हणते. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी आधी उंट बांधायला आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायला सांगितले, ही हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. त्याहून मोठा दाखला कुरआनातल्या हजरत यूसुफ (अलै.) यांच्या किश्शाचा आहे. बादशहाला स्वप्न पडले, सात लठ्ठ गाई आणि त्यांना खाणाऱ्या सात रोड गाई. यूसुफ (अलै.) यांनी त्याचा अर्थ सांगितला आणि त्यासोबत उपायही सांगितला. सुकाळाच्या सात वर्षांत मन लावून पिकवा, खाण्यापुरते काढा, बाकीचे धान्य कणसातच राहू द्या. कणसातले धान्य टिकते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. दुष्काळाची वर्षे आली तेव्हा मिसरची कोठारे भरलेली होती, आणि दूर कनआनमधून आलेल्या उपाशी भावांनाही तिथे धान्य मिळाले. तेव्हा ही खबर अल्लाहने नबीला दिलेल्या इल्ममधून आली. आजचा हवामानाचा अंदाज हा माणसाचा हिशेब आहे, तो चुकूही शकतो. पण इल्म हाती आले की जबाबदारी येते, हा धडा बदललेला नाही.

आता जकातीबद्दल. आपल्याकडे बहुतेक घरे जकात रमजानमध्ये काढतात. २०२० मध्ये आपल्याकडे ईद २५ मे रोजी झाली आणि निसर्ग ३ जूनला आले. नऊ दिवसांपूर्वीच सर्वांची जकात वाटून झाली होती. पाऊस काही चंद्राच्या पंचांगाने येत नाही. मग जूनमध्ये इशारा आला तर पैसे कुठले आणायचे? याचे उत्तर आपल्या फिक्हमध्येच आहे. हजरत अब्बास (रजि.) यांनी जकात तिच्या मुदतीआधीच देता येईल का असे विचारले, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना परवानगी दिली, असे हदीसच्या ग्रंथांत आले आहे. त्यावरून हनफी आणि शाफई, दोन्ही मसलकांच्या फुकहांनी निसाबाइतकी मालमत्ता हाती असलेल्याला मुदतीआधी जकात देणे जायज मानले आहे. म्हणजे या वर्षीची जकात अडवून ठेवण्याचे कारण नाही. ती वेळेवर हकदारांना द्यावी. इशारा आला की पुढच्या रमजानच्या जकातीतला काही भाग आजच द्यावा आणि वहीत नोंद करून ठेवावी. अटी-शर्ती आपल्या मौलानांना विचाराव्यात.

दर जमातीला, दर मोहल्ल्याला हे करता येईल. मेच्या आधी एखाद्या जुम्म्यानंतर अर्धा तास बसून यादी करावी. कच्ची घरे, खाडीकाठची घरे, एकट्या बायका, म्हातारी माणसे, गरोदर सुना, अपंग, रोज औषध लागणारे. पूर शेजाऱ्याचा धर्म विचारत नाही. तेव्हा यादीत आपल्या वाडीतला कोळी, आदिवासी, कुणबी, सगळे असावेत. जकातीचे नियम वेगळे असतील, पण सदका आणि वर्गणी सर्वांसाठी खुली आहे. ज्यांचे मोबाइल खाते नाही त्यांच्या हाती पैसे कोण पोचवणार, तेही तेव्हाच लिहावे. पैसे शक्यतो घर चालवणाऱ्या बाईच्या हाती द्यावेत. आपल्या गरजा तिला आपल्यापेक्षा नीट कळतात.

मग इशाऱ्याचा नियम ठरवावा. हवामान खाते चार रंग वापरते. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. आपल्या जिल्ह्याला वादळाचा किंवा अतिवृष्टीचा नारिंगी इशारा आला, की खजिनदाराने कोणाला न विचारता ठरलेले पैसे वाटायचे, एवढे एक वाक्य ठरावात लिहून सर्वांनी सही करावी. कुवेत, कतार, दुबईला असलेली आपली मुले वादळानंतर रात्रभर जागून पैसे पाठवतात. तेच त्यांनी एप्रिलमध्ये पाठवावेत, म्हणजे जून उजाडताना निधी तयार असेल. मदरसा किंवा शाळा निवारा होणार असेल तर बायकांची खोली, पडदा, संडास आणि पाणी यांची सोय आधी पाहून ठेवावी. शेळ्या-गाईंसाठी जागा ठरवावी.

शाळेतल्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एक सुचवते. इशारे सरकारी मराठीत येतात. ‘ताशी ११० किलोमीटर वेगाचे वारे’ हे ऐकून घरातल्या दादीला काय कळणार? मी माझ्या वर्गात मुलांकडून त्याचा तर्जुमा करून घेते, उर्दूत आणि घरच्या बोलीत. ‘कौलं उडतील, पत्र्याखाली झोपू नका, पोफळीजवळ उभे राहू नका, कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, दहा दिवसांचे औषध घ्या.’ मुले हे घरी जाऊन सांगतात. आकड्याने जे होत नाही, ते नातवाच्या तोंडून होते. शिवाय वर्गातल्या मुलींना मी सांगते, की जीव धोक्यात असताना घराबाहेर पडायला कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही.

समुद्र तापतो आहे, अरबी समुद्रातली वादळे वाढत आहेत, पाऊस एकदम आणि धो-धो कोसळतो आहे. हे थांबवणे एका मोहल्ल्याच्या हाती नाही. पण अंदाज आणि आपत्ती यांच्या मधले दोन दिवस आपल्या हाती आहेत. त्या दोन दिवसांत दिलेला एक रुपया नंतरच्या कित्येक रुपयांचे काम करतो, आणि घेणाऱ्याला रांगेत उभे राहून हातही पसरावा लागत नाही. अल्लाह आपल्या सर्वांच्या वस्त्या सलामत ठेवो, आणि वेळेवर देण्याची तौफीक आपल्याला देवो. आमीन.